औषधाच्या देवडीवरील पहारेकरी

बोटभर उंचीच्या काचनळीत पाण्याहून किंचित दाट, पण पाण्याइतकाच नितळ असा एक द्रव होता. पुण्यातील एका महाविद्यालयाच्या रसायनशाळेत, श्रावणातल्या एका गार सकाळी, तेथील अध्यापकांनी ती नळी माझ्या हाती देऊन "नुसती मुठीत धरून बसा" एवढेच सांगितले. आणि हाताच्या उबेखेरीज दुसरे काहीही त्या द्रवाला मिळालेले नसताना तीन-चार मिनिटांत तो आधी धुकट, मग ताकावरच्या निवळीसारखा, आणि अखेरीस दुधासारखा पांढराशुभ्र झाला. अंड्यातील पांढरा बलक तापला म्हणजे नितळाचा पांढरा होतो हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. परंतु एकदा शिजलेला बलक पुन्हा नितळ करण्याची युक्ती कोणत्याही सुगरणीला साधलेली नाही. येथे मात्र ती नळी नळाच्या धारेखाली धरताच तो पांढरेपणा कडेकडून विरत गेला, आणि पलीकडच्या भिंतीवरील तक्त्यातली अक्षरे तिच्यातून पुन्हा वाचता येऊ लागली. मी ते पाच वेळा करून पाहिले, आणि पाचही वेळा त्या द्रवाने तितक्याच इमानाने रंग बदलला व परत घेतला.

त्या द्रवात विरघळलेल्या पदार्थाचे नाव पॉलि-एन-आयसोप्रोपिल-ॲक्रिलामाइड असे लांबलचक आहे. तो एक बहुवारिक, म्हणजे हजारो सारख्या दुव्यांनी जोडलेल्या रेणूंच्या साखळ्यांचा पदार्थ. साखर गार पाण्यापेक्षा ऊन पाण्यात चटकन विरघळते, या आपल्या नित्याच्या अनुभवाच्या तो नेमका उलट वागतो. त्याच्या प्रत्येक दुव्याला पाण्याची ओढ असलेला एक भाग आणि पाण्याशी फटकून असणारा दुसरा भाग असे दोन्ही असतात. पाणी गार असते तोवर त्याचे रेणू या साखळीला शिस्तीने बिलगून राहतात, फटकून असणाऱ्या भागाभोवतीही कडे करतात, आणि साखळी पाण्यात ऐसपैस पसरते. पण उष्णता वाढू लागली की पाण्याच्या रेणूंची चुळबूळ वाढते, कडे करून उभे राहण्यापेक्षा मोकळे हिंडणे त्यांना मानवते, ते साखळीला सोडून जातात, आणि उघडे पडलेले जलद्वेषी भाग एकमेकांना चिकटून ती सबंध साखळी गुंडाळली जाऊन तिचा गोळा होतो. हे सारे घडते ते सुमारे ३२ अंश सेल्सियसला, आणि एखाद-दुसऱ्या अंशाच्या आत घडते. निसर्गात हळूहळू बदलणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. एका ठरावीक उंबरठ्यावर येऊन एकदम बदलणाऱ्या गोष्टी थोड्या, आणि ज्या आहेत त्या माणसाच्या फार उपयोगाच्या ठरतात.

टोरॉन्टो विद्यापीठातील हेस्किन्स आणि गिले या दोघांनी १९६८ साली या उंबरठ्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्या वेळी त्याचा औषधाशी काही संबंध पोहोचेल असे कोणास वाटले नसावे. पुढे १९७८ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत तोयोइची तानाका यांनी दाखविले की, बहुवारिकांच्या साखळ्या परस्परांना गाठी मारून केलेली लिबलिबीत जेले परिस्थितीतील लहानशा फरकाने आपले आकारमान कित्येक पटींनी एकदम कमी-अधिक करू शकतात. या दोन धाग्यांची गाठ पडल्यावर १९८० नंतरच्या दशकात तेरुओ ओकानो, सुंग वान किम आणि त्यांचे सहकारी यांनी जो प्रश्न हाती घेतला तो असा: अशा पदार्थाचे पातळ पटल करून त्याच्या मागे औषध कोंडले, तर उष्णतेच्या हुकुमाने ते औषध सोडता आणि अडवता येईल काय?

येते, आणि या पटलांची सर्वांत मनोवेधक गोष्ट ही की, एकाच पदार्थापासून परस्परविरुद्ध स्वभावाचे दोन पहारेकरी तयार होतात. सबंध पटलच या जेलचे केले, तर गारव्यात ते पाणी पिऊन फुगते, त्याच्या जाळ्यातून औषधाचे रेणू वाट काढत बाहेर येतात, आणि उष्णता वाढताच पटलाच्या पृष्ठभागावर प्रथम एक घट्ट साय धरून ती वाट जवळजवळ बंद होते. म्हणजे हा पहारेकरी ऊब लागली की दार लोटतो. उलटपक्षी, बारीक छिद्रे असलेले दुसरेच एखादे टणक पटल घेऊन त्या छिद्रांच्या आतल्या भिंतींवर या साखळ्या लव उगवावी तशा रुजविल्या, तर गारव्यात त्या ताठ पसरून छिद्र बुजवितात आणि उष्णतेत आखडून भिंतीला चिकटल्या म्हणजे छिद्र मोकळे होते. हा पहारेकरी ऊब लागली की दार उघडतो. कोणत्या रोगासाठी कोणता नेमावा, हे योजकाने ठरवायचे. शिवाय उंबरठ्याचे तापमानही कायमचे बांधलेले नाही: साखळीत पाण्याची ओढ असलेले दुसरे दुवे मिसळले की ते वर सरकते, जलद्वेषी दुवे मिसळले की खाली येते. ३२ चे ३७ करता येतात, ४० करता येतात. या एका गोष्टीवर माझे पुढचे सारे म्हणणे उभे आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

औषधाला पहारेकरी कशाला, असे कोणी विचारील. आपण सकाळ-संध्याकाळ ज्या गोळ्या घेतो त्यांचे रक्तातील प्रमाण दिवसभर सारखे राहत नाही. गोळी पोटात गेल्यावर ते चढते, कधी गरजेपलीकडे चढते, आणि पुढच्या गोळीपर्यंत उतरून गरजेच्या खाली जाते, आणि रोग्याला शिखरावरचा अपाय व दरीतली वेदना हे दोन्ही सोसावे लागतात. आपल्या वैद्यांनी अनुपानाचा विचार केला तो औषध कशातून द्यावे एवढ्यापुरता. किती वेगाने द्यावे, हा प्रश्न त्यांना दिसत असला तरी त्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते. असे एक साधन सापडले ते अमेरिकी नौदलाच्या सेवेत असलेल्या ज्युडा फोकमन या तरुण शल्यवैद्याला. सिलिकॉन रबराच्या भिंतीतून काही द्रव्ये मंद आणि सारख्या गतीने झिरपतात हे त्याच्या व डेव्हिड लाँग यांच्या लक्षात आले, आणि १९६४ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. उरुग्वेत जन्मलेल्या अलेहांद्रो झाफारोनी यांनी १९६८ साली याच कल्पनेवर ॲल्झा नावाची कंपनी काढली, आणि १९७४ साली काचबिंदूच्या रोग्यांसाठी डोळ्याच्या पापणीआड ठेवायची एक इवलीशी चकती बाजारात आणली, जिच्या दोन पटलांमधून पायलोकार्पिन हे औषध तासाला २० किंवा ४० मायक्रोग्रॅम या वेगाने सात दिवस झिरपत राही. एका मायक्रोग्रॅमचा हिशेब म्हणजे साखरेच्या एका दाण्याच्या कित्येकशाव्या भागाचा हिशेब. तो पटलाकडून करवून घेणे ही मला विसाव्या शतकातील औषधविद्येची एक अत्यंत सुंदर करणी वाटते.

परंतु या साध्या पटलांत एक वैगुण्य होते आणि आजही आहे. पटलातून द्रव्य झिरपण्याचा वेग दोन्ही बाजूंच्या संहतीतील फरकावर आणि पटलाच्या जाडीवर अवलंबून असतो, हा फिक यांचा १८५५ सालचा नियम शाळकरी मुलांनाही सांगितला जातो. त्याच वेगावर उष्णतेचाही अंमल चालतो, ही पुढची गोष्ट मात्र औषधाच्या खोक्यावर ठळकपणे येत नाही. उष्णता वाढली की पटल अधिक सैल होते, रेणू अधिक वेगाने धावतात, कातडीखालचे रक्ताभिसरण वाढते आणि आत आलेले औषध अधिक झपाट्याने वाहून नेले जाते. म्हणजे कातडीवर चिकटवायची प्रत्येक औषधी पट्टी कोणी योजलेले नसतानाही उष्णतेला प्रतिसाद देतच असते. फरक इतकाच की तिच्या देवडीवर पहारेकरी नाही, नुसते बिजागरी ढिली झालेले दार आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझे थोरले काका अकोल्यास राहत. हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेवर त्यांच्या छातीवर फेंटानिल या अत्यंत प्रबळ वेदनाशामकाची पट्टी लावली जाई. दर ७२ तासांनी जुनी काढून नवी लावायची, आणि काकू तिची तारीख व वेळ भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत पेन्सिलीने लिहून ठेवीत. मे महिना होता, टिनाखालची माडी होती, दुपारी भारनियमन होऊन कूलर बंद पडला होता. तीनच्या सुमारास मी काकांना पाण्यासाठी हाक मारली तेव्हा डोळे उघडायला त्यांना फार वेळ लागला, आणि उघडले तेही पुन्हा मिटले. श्वास इतका संथ चालला होता की काकू पदराचा शेव त्यांच्या नाकापुढे धरून बसल्या. "पट्टी तर कालच बदलली, अन् मग हे असे गुंगून का पडले?" हे त्या मला तीनदा विचारत्या झाल्या, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. शेजारच्या आळीतील तरुण डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, खोलीकडे पाहिले, पहिल्याने ती पट्टी सोलून काढली, ओल्या पंच्याने अंग पुसायला सांगितले, आणि काकांना दवाखान्यात हलविले. काका त्या खेपेस वाचले. ज्या रुग्णालयाने पट्टी लिहून दिली होती तेथे उष्णतेविषयी कोणी अवाक्षर काढले नव्हते. इशारा होता तो खोक्यातल्या घडीबंद इंग्रजी पत्रकात, मोहरीएवढ्या अक्षरांत, जे काकूंना वाचता येणे शक्यच नव्हते आणि जे मी, वाचता येत असून, वाचले नव्हते.

त्या पट्टीच्या माहितीपत्रकात असे म्हटलेले असते की शरीराचे तापमान ४० अंशांवर गेले तर रक्तातील फेंटानिलचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने वाढू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली याविषयी जाहीर ताकीद दिली, शेकाच्या पिशव्या, तापविलेल्या गाद्या आणि गरम पाण्याची टाकी यांपासून पट्टी दूर ठेवण्यास सांगितले. ती ताकीद त्या देशाच्या राहणीला धरून होती. टिनाच्या छपराखालची वैशाखातील माडी त्या यादीत नव्हती, आणि असण्याचे कारणही नव्हते. ती यादी आपली आपण करायला हवी होती.

आता त्या श्रावणातल्या काचनळीकडे पुन्हा वळतो. उष्णताप्रतिसादी पटलांविषयी जे उत्साहाने लिहिले जाते, त्यात एक गृहीत नेहमी न बोलता धरलेले असते: खोलीत वीस-पंचवीस अंश, कातडीवर ३२ ते ३४, शरीराच्या आत ३७, आणि ज्वर चढला तर ३९ किंवा ४०. या शिडीच्या पायऱ्या एकमेकींपासून इतक्या दूर आहेत की त्यांपैकी कोणत्याही दोन पायऱ्यांच्या मध्ये उंबरठा बांधला तर पहारेकऱ्याची चूक होणार नाही, असे समजले जाते. समशीतोष्ण प्रदेशातील प्रयोगशाळेत ते खरेही आहे. पण अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या भागांत मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि तिथे ती शिडीच उलटी होते. बाहेरची हवा शरीराहून उष्ण, कातडी शरीराच्या आतल्या तापमानाच्या जवळ पोहोचलेली, आणि औषधाचा साठा ज्या दुकानाच्या फळीवर आहे ती फळी ज्वराने फणफणलेल्या माणसाहून गरम. अशा जागी ३४ अंशांवर दार उघडणारी एखादी पट्टी रोग्याच्या ज्वराने उघडेल की रस्त्यावरच्या उन्हाने, हे त्या पटलाला कसे समजावे? त्याला फक्त उष्णता समजते. ती कोठून आली हे समजत नाही.

माझे मत यासाठीच मी स्पष्ट मांडू इच्छितो: अशा पटलाचा उंबरठा किती अंशांवर असावा, हा केवळ रसायनाचा प्रश्न नसून तो ज्या मुलखात वापरला जायचा त्या मुलखाच्या हवामानाचा, घरांच्या छपरांचा आणि माणसांच्या कामधंद्याचा प्रश्न आहे, आणि तो त्या मुलखातील शास्त्रज्ञांनी, त्या मुलखातील उन्हात, मापून सोडविला पाहिजे.

कोणी म्हणेल, पटल शरीराच्या आत बसविले म्हणजे उन्हाचा प्रश्न मिटला. पुष्कळ अंशी मिटतो, कारण शरीर आपले ३७ अंश मोठ्या कष्टाने सांभाळते. अशाच विचाराने बॉस्टन येथे डॅनियल कोहाने, रॉबर्ट लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक फार कुशल रचना प्रसिद्ध केली. एथिल सेल्युलोजच्या पटलात या बहुवारिकाचे अतिसूक्ष्म जेलकण आणि लोहचुंबकी मॅग्नेटाइटचे कण एकत्र बसविलेले. बाहेरून आलटता-पालटता चुंबकीय क्षेत्र लावले की मॅग्नेटाइट तापते, जेलकण आखडतात, वाट मोकळी होते. क्षेत्र काढले की ते फुगून वाट बुजते. औषधाच्या जागी फ्लुओरेसिन हे रंगद्रव्य घेऊन त्यांनी ही उघडझाप पुनःपुन्हा करून दाखविली, आणि जेलकणांचा उंबरठा मुद्दाम शरीराच्या तापमानाच्या वर नेऊन ठेवला, की ज्यायोगे चुंबकाच्या हुकुमाशिवाय दार उघडू नये. ही योजना मला मनापासून आवडते. परंतु ज्याला उष्माघात म्हणतात त्याची व्याख्याच मुळी शरीराच्या आतील तापमान ४० अंशांपलीकडे जाणे अशी आहे, आणि हिवतापाच्या रोग्याचा पारा तेवढा चढलेला आपल्या आदिवासी भागांतील प्रत्येक आरोग्यसेविकेने पाहिलेला आहे. बॉस्टनला अपवाद असलेली अवस्था गडचिरोलीला दरसालची आहे. वीटभट्टीवर काम करणाऱ्या माणसाच्या कातडीखाली आपण एक दिवस असे पटल ठेवणार असू, तर ज्या घटकेला त्याचे शरीर सर्वांत दुबळे असेल त्याच घटकेला ते पटल आपला सारा साठा त्याच्या रक्तात रिकामा करणार नाही, एवढी हमी त्याला देणे हे आपले कर्तव्य आहे.

उष्णतेच्या हुकुमावर औषध सोडण्याच्या कल्पनेला अपयशही आले आहे, आणि ते लपवून तिची बाजू बळकट होत नाही. ड्यूक विद्यापीठातील संशोधनातून निघालेली थर्मोडॉक्स नावाची योजना अशी होती की डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध स्निग्ध पटलाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरून शिरेतून द्यायचे, आणि यकृतातील गाठ विद्युत्-लहरींनी तापवली की तिच्या आसपास ४० अंशांच्या थोडे वर त्या पिशव्या फुटून औषध तेथेच सांडावे. कल्पना निर्दोष होती. पण ७०१ रोग्यांवरील तिच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०१३ च्या जानेवारीत लागला तो प्रतिकूल, आणि पुढची चाचणीही यश देऊ शकली नाही. गाठ किती वेळ तापती ठेवली यावर बरेच अवलंबून असावे, असा विचार पहिल्या निकालानंतर पुढे आला. यातून मी जे शिकतो ते हे की पटल प्रयोगशाळेत कितीही आज्ञाधारक असले तरी रोग्याच्या देहात उष्णता कोठे, किती आणि किती वेळ आहे याचे मोजमाप हाच सगळ्या व्यवहाराचा पाया आहे. त्या उलट, ओकानो यांनी याच बहुवारिकाचा एक थर पेशी वाढविण्याच्या बशीवर चढवून जे केले ते पूर्ण फळाला आले: ३७ अंशांवर पेशी बशीला चिकटून वाढतात, बशी गार केली की ओरखडाही न पडता त्यांचा अखंड पापुद्रा सुटून येतो. जपानी नेत्रवैद्यांनी रोग्याच्याच तोंडातील आतल्या त्वचेच्या पेशींचा असा पापुद्रा करून तो त्याच्या बिघडलेल्या पारपटलावर बसविल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. तेथे उष्णता संपूर्णपणे माणसाच्या ताब्यात होती, आणि म्हणूनच ते काम साधले.

आपल्याकडे या विद्येचे बीज नाही असे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, जी १९५० साली सुरू झाली, रघुनाथ माशेलकर, आशिष लेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात नेमक्या याच बहुवारिकाच्या जेलांचा, त्यांत पाणी किती घट्ट बांधलेले असते आणि ती केव्हा आखडतात याचा, मोठा सखोल अभ्यास केला. तो अभ्यास कागदावर राहू नये. कातडीवरची पट्टी आणि कातडीखालचे पटल यांची अशी एक परीक्षा आपण मुक्रर करावी, ज्यात ते पटल ३२ अंशांवर, ३७ वर, ४० वर आणि विदर्भातील दुपारच्या खोलीइतक्या उष्णतेत, तासागणिक किती औषध सोडते हे मोजून लिहिले जाईल. आज नवीन औषधाच्या परवान्यासाठी आपल्याकडे स्थैर्याची परीक्षा होते, दीर्घकालीन परीक्षा ३० अंशांवर आणि जलद परीक्षा ४० अंशांवर. पण ती औषध फळीवर बिघडते की नाही एवढेच पाहते. माणसाच्या अंगावर असताना त्याचा वेग किती बदलतो, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर परवान्याच्या दफ्तरात दाखल असलेच पाहिजे. ते उत्तर, आकड्यांसह, खोक्याच्या बाहेर, रोग्याच्या भाषेत, डोळ्यांना दिसेल एवढ्या अक्षरांत छापावे, अशीही सक्ती हवी. काकूंना कालनिर्णयातील चौकट वाचता येत होती. त्या खोक्यावर मराठीत "उन्हात, तापात, शेक देताना ही पट्टी धोक्याची" एवढी एक ओळ असती तर त्यांनी ती त्याच पेन्सिलीने कालनिर्णयावर उतरवून घेतली असती.

आणखी एक गोष्ट. आयसोप्रोपिल-ॲक्रिलामाइडचे पटल शरीरात विरून जात नाही, आणि त्याच्या मूळ एकवारिकाचा अंश मागे राहिला तर तो विषारी ठरतो, म्हणून ते शुद्ध करण्याचा खर्च मोठा. त्याला पर्याय शोधताना दृष्टी आपल्याच किनाऱ्याकडे जावी असे मला वाटते. कोळंबी आणि खेकड्याच्या टरफलांतील कायटिनपासून कायटोसान तयार होते, आणि कायटोसानचे ग्लिसरोफॉस्फेटबरोबर केलेले द्रावण गारव्यात पातळ असते व शरीराच्या उबेला थिजून जेल होते, ही गोष्ट कॅनडातील संशोधकांनी २००० सालीच दाखविली आहे. म्हणजे सुईने पातळ स्वरूपात टोचावे, आणि आत गेल्यावर ते औषध धरून थिजून बसावे. तूप जे उलट क्रमाने करते ते. रत्नागिरीच्या आणि मालवणच्या बंदरांवर कोळंबी सोलणाऱ्या बायांच्या पायाशी जी टरफले साचतात, त्यांना आज खताखेरीज फारशी किंमत नाही. ज्या देशाने १९५४ साली पिंपरीला स्वतःचा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना काढला, त्याने हेही काम नफ्याची वाट पाहणाऱ्या मंडळींवर सोडून देऊ नये. त्यासाठी एखादी सार्वजनिक प्रयोगशाळा, एखादे कोकणातील मत्स्यविद्यालय आणि विदर्भातील एखादे वैद्यकीय महाविद्यालय यांची सांगड घालण्याची तजवीज शासनाने करावी.

गेल्या मे महिन्यात मी अकोल्यास गेलो होतो. काका आता नाहीत. माडी तशीच आहे. मी एक साधी, औषध नसलेली चिकटपट्टी छातीवर लावून तिच्याखाली बारीक तापमापकाचे टोक ठेवले, आणि काकांच्याच खाटेवर दिवसभर पडून राहिलो. सकाळी सहा वाजता पट्टीखाली ३३ अंश होते. दुपारी तीन वाजता, कूलर बंद असताना, खोलीत ४१ आणि पट्टीखाली ३६.५. काकू खाली ओल्या वाळूत मडके पुरून त्यात शेजारणीच्या इन्शुलिनच्या बाटल्या ठेवीत होत्या, कारण त्यांच्या घरी फ्रीज नाही, आणि मडक्यातले अंशही त्यांनी मला मोजून द्यायला लावले: २८. ते चारही आकडे, तारखेसह, औषध प्रशासनाकडे मी धाडलेल्या अर्जाला जोडलेले आहेत.